ऐंशीच्या आत

काकासाहेब हे त्याचं पाळण्यातलं नाव. आजोबांनी हौसेनं ठेवलेलं. त्यामुळे जन्मभर कुणी नुसती हाक मारली तरी मान दिल्यासारखी वाटायची, पण या मानाचा त्याला काडीचाही उपयोग झाला नाही. ज्या गावात हे नाव ठेवलं गेलं त्याच गावानं पाच वर्षांपूर्वी भर यात्रेत त्याचं हसं केलं, आणि तेव्हापासून काकासाहेब जो पेटला तो विझलाच नव्हता.

गाव पिशोर. तिथं थोरला भाऊ कडूबा शेती बघायचा आणि म्हातारी आई आवडाबाई त्याच्याजवळ राहायची. काकासाहेब बावीस वर्षांपासून शहरात, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. खिडकीतून नट-बोल्ट, बेअरिंग, ग्रीसचे डबे द्यायचे, एवढंच काम. खुर्चीतून उठायची गरज नाही. नोकरीला लागला तेव्हा गडी शिडशिडीत होता. खिडकी तेवढीच राहिली आणि काकासाहेब वाढत गेला. कँटीनचे वडे, साखरेचा पाक झालेला चहा, मुकुंदवाडीतल्या घरी शेंगदाण्याच्या चटणीबरोबर चार-चार भाकरी. नेमकं वजन किती ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं, कारण घरचा काटा एकशेवीसला जाऊन अडकायचा.

पण या माणसाला एक नाद होता, आणि तो वडिलांकडून आलेला होता. घोड्याचा. वडील गेले त्या वर्षी त्यानं माळेगावच्या यात्रेतून एक घोडी आणली. तांबड्या अंगाची, कपाळावर पांढरा टिळा. चालताना मान अशी वर धरायची की सगळं शिवार जणू तिच्याच नावावर आहे. नाव ठेवलं मैना. महिन्यातून दोन रविवार काकासाहेब गावाकडे जायचा, स्वतःच्या हातानं खरारा करायचा आणि उजाडता उजाडता माळावर एक दौड मारून यायचा. ती दौड झाली की पुढचे पंधरा दिवस खिडकीत बसायला बळ यायचं. लोक दारूसाठी इतके झुरत नाहीत तितका तो त्या दौडीसाठी झुरायचा.

मग ती यात्रा आली. पालखीच्या पुढं मैनेवर बसून जायचं म्हणून त्यानं फेटाबिटा बांधला. जमिनीवरून चढणं तेव्हा जमत नव्हतं, म्हणून कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची दिली. खुर्चीवर उभा राहून तो पाय टाकायला गेला आणि खुर्चीचा पाय मोडला. काकासाहेब धान्याच्या पोत्यासारखा घोडीच्या पाठीवर आदळला, मैना मागच्या पायांवर खाली बसली, आणि उठली ती लंगडत. त्यावर सगळी यात्रा हसली. "क्रेन बोलवा रे, क्रेन!" असं कुणीतरी ओरडलं. कुणीतरी मोबाईलवर सगळं टिपलं, आणि संध्याकाळपर्यंत पिशोरच्या प्रत्येक घरात काकासाहेब पडत होता आणि पुन्हा पुन्हा पडत होता. त्याला सगळ्यात जास्त चीड याची आली की त्या चित्रात घोडीकडे बघणारा एकही माणूस दिसत नव्हता.

जनावरांचे डॉक्टर तालुक्याहून आले. मैनेच्या पाठीवरून हात फिरवला, मागचा पाय उचलून बघितला आणि सरळ म्हणाले, "घोडी बरी होईल. पण तुम्ही परत बसलात तर हिची पाठ जाईल. ऐंशी किलोच्या आत या, मग बसा."

ऐंशी! नोकरीला लागला तेव्हा काकासाहेब ऐंशीच्या आत होता.

त्यानंतर तो मैनेवर बसला नाही. रविवारी जायचा, खरारा करायचा, मानेला थोपटायचा आणि एसटीनं परत यायचा. चालणं करून बघितलं, काढे पिऊन झाले, एका बाबाची पुडी खाऊन आठ दिवस संडासात काढले. वजन दहा किलो उतरायचं आणि पंधरा चढायचं. त्यात साखर निघाली, रक्तदाब निघाला. शेवटी शहरातल्या एका डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशन करू. पोटाची पिशवी कापून मोठा भाग काढून टाकायचा, उरतं ते केळाएवढं. मग चार घास खाल्ले की पोट भरतं. काकासाहेबानं एकच प्रश्न विचारला, "घोड्यावर बसता येईल का?" डॉक्टरांना वाटलं, पेशंट गंमत करतोय.

जानेवारीत ऑपरेशन झालं. गावाला कळवलं की हर्नियाचं आहे. बायकोला, शैलाला, त्यानं पोरांची शपथ घातली. "एका माणसाला जरी कळलं ना, तर तू आन मी संपलो." कारण त्याला माहीत होतं पुढं काय होणार. पोट कापून बारीक झाला, म्हणजे दुसरी यात्रा आणि दुसरा व्हिडिओ. लोकांना हसायला तो पुन्हा चारा घालणार नव्हता. रागाचं हेच वाईट आहे, तो माणसाला खोटं बोलायला लावतो आणि वर त्यालाच स्वाभिमान म्हणतो.

वजन मात्र खरोखर उतरू लागलं. मोंढ्यात एका ओळखीच्या आडत्याकडे धान्याचा मोठा काटा होता. दर पंधरा दिवसांनी काकासाहेब तिथं जायचा आणि पोती उतरली की काट्यावर उभा राहायचा. पहिल्या वेळी हमाल म्हणाले, "काका, दीड क्विंटलला नऊ किलो कमी!" तो त्यांच्यावर असा खेकसला की पुढच्या वेळेपासून सगळे गुमान दुसरीकडे बघू लागले. एकशे एकोणीस, एकशे पाच, अठ्ठ्याण्णव. आकडा घेऊन तो घरी यायचा आणि कुणाला सांगायचा नाही.

मे महिन्यात गावात लग्न होतं. पिशोरच्या पंगतीत आग्रह म्हणजे आग्रह, ताट रिकामं दिसलं की वाढपी पाप केल्यासारखा बघतो. काकासाहेबानं दोन घास वरणभात खाऊन हात आखडला. लगेच बन्सीमामा जिलेबीचं भगुणं घेऊन समोर उभा. "खा, भाच्या. नाय खाल्ली तर माझं रक्त पेशील." आता मामानं अशी आण घातल्यावर काय करणार? डॉक्टरांनी गोड खाऊ नका म्हणून बजावलं होतं तरी त्यानं दोन जिलेब्या गिळल्या. पाच मिनिटांत छाती धडधडायला लागली, अंगाला गार घाम सुटला, आणि मांडवामागं जाऊन त्यानं भडाभडा सगळं बाहेर काढलं. तिथं भांडी घासणाऱ्या बायका होत्या. त्यांनी बघितलं ते सगळ्या गावानं बघितल्यासारखंच झालं.

झालं! गावानं निदान केलं. चार महिन्यांत निम्मा वाळला, अन्न टिकत नाही, ऑपरेशनचं धड सांगत नाही. पोटाचा कॅन्सर. त्यानंतर मुकुंदवाडीच्या घरी माणसं यायला लागली. एक नारळ, एक बिस्किटाचा पुडा, अर्धा डझन केळी. बसायचे, छताकडे बघायचे, आणि "हिंमत धरा, काका, सगळं त्याच्या हातात हाय" म्हणून निघायचे. एकानं कुठल्याशा झाडपाल्यावाल्याचा नंबर दिला. काकासाहेब एकदा ओरडला, "अरे, मला काईबी झालं नाय! ठणठणीत हाय मी!" पाहुण्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि शैलाकडे बघून डोळे पुसले.

एका वाक्याचं काम होतं. पोट कापून घेतलं, वजन कमी करायला, एवढं सांगितलं असतं तर बिस्किटं थांबली असती. पण तो गप्प बसला. मरायला टेकलाय समजतात तर समजू देत, निदान हसत तर नाहीत, असा त्यानं विचार केला आणि त्यातच त्याला एक प्रकारचं समाधान वाटलं. हे समाधान किती हलकट होतं ते त्याला नंतर कळलं.

त्या लग्नानंतर त्यानं गावाकडे जाणं टाळलं होतं; दिवाळीला तो गेला तेव्हा त्र्याऐंशी किलोवर होता. आईनं त्याच्या गालांवरून हात फिरवला आणि हाडं चाचपल्यासारखी चाचपली. ती अनवाणी होती. टाचा फुटल्या असतील, चप्पल टोचत असेल, असं त्याला वाटलं. विचारावं असंही वाटलं, पण तेवढ्यात तो गोठ्याकडे गेला. मैनेजवळ तासभर उभा राहिला. खोगीर खुंटीला होतं. हात शिवशिवले, पण तीन किलो जास्त होते. डॉक्टरांनी ऐंशी म्हटलं होतं. पाच वर्षं थांबला तो आणखी तीन आठवडे थांबेल. "येतो गं," असं त्यानं घोडीच्या कानात सांगितलं आणि निघाला.

नोव्हेंबर सरता सरता एका शनिवारी मोंढ्यातला काटा एकोणऐंशी आणि सहाशे ग्रॅमवर थांबला. काकासाहेब सोयाबीनच्या पोत्यांमध्ये तिथंच उभा राहिला. हमालांकडे बघून तो हसला, तर हमालच घाबरले. रविवारी पहिल्या एसटीनं तो पिशोरला उतरला तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. खिशात गुळाचे दोन खडे होते. तो घरात न शिरता सरळ गोठ्यात गेला.

गोठ्यात मैना नव्हती. खुंटीला खोगीर होतं, दाव्याचा खुंटा होता, दावणीत दोन बैल आणि म्हैस होती. मैनेची जागा सारवून घेतलेली होती.

कडूबा मोटारीचा पाइप ओढत मागून आला आणि भावाला बघून जागीच थबकला. "आरं, कळवायचं तरी. बस आदी. पानी घे."

"मैना कुठंय?"

"बस तर खरं."

"दादा, मैना कुठंय? चरायला नेलीय का?"

"नाय."

"इकली?"

"असं वंगाळ बोलू नको," कडूबा म्हणाला. मग पाइप खाली टाकून त्यानं धोतराला हात पुसले. "मायनं नवस केलता खंडोबाला. माझ्या पोरानं दिवाळी बघितली तर घोडी तुला वाहीन, म्हनून. तू दिवाळी बघितली. गेल्या रविवारी नेऊन सोडली. वाजतगाजत नेली, बरं का. अख्खं गाव आलतं."

काकासाहेबाच्या पायाखालची जमीन सरकली आणि डोक्यात जाळ झाला, दोन्ही एकाच वेळी. "माझी घोडी? मला न इचारता?"

"तुझ्याच जिवासाठी ना!"

"माझ्या जिवाला काय धाड भरलीय?"

त्याचा आवाज ओसरीपर्यंत गेला. आवडाबाई बाहेर आली. शहात्तर वर्षांची बाई, काटकुळी, पण आवाज अजून शेताच्या बांधावरून ऐकू येणारा. "वरडू नको. जोर लागंल पोटाला," ती म्हणाली. "तुझ्या जिवापुढं घोडी काय चीज हाय? दिली म्यां."

मग काकासाहेबानं सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, ओरडून, गोठ्याच्या दारात. कॅन्सर नाही, हर्निया नाही, काहीही नाही. वजन फार झालं होतं म्हणून पोट कापून लहान करून घेतलं. मुद्दाम. पैसे मोजून. मैनेवर बसता यावं म्हणून. दहा महिन्यांची गोष्ट त्यानं चार वाक्यांत फेकली आणि धापा टाकत आईकडे बघितलं.

आवडाबाईनं शांतपणे ऐकून घेतलं. "बरं," ती म्हणाली. मग कडूबाकडे वळून हळूच म्हणाली, "याला कोनी सांगितलं नाय वाटतं."

"नसत्यात सांगत," कडूबा म्हणाला. "डाक्टर लोक पेशंटला नाय सांगत. घरच्यालाच सांगत्यात."

काकासाहेबानं कपाळावर हात मारून घेतला. शर्ट वर करून पोट दाखवलं. पोटावर बोटाच्या पेराएवढे पाच व्रण होते. "हे बघ! इथून दुर्बिणीनं काढलं!" म्हातारीनं वाकून बघितलं. "एवढ्याशा भोकातून पोट काढत्यात व्हय? म्यां काय येडी हाय?"

"शैलाला फोन लाव!" तो कडूबावर गरजला. कडूबानं फोन लावला आणि आवाज मोठा केला. "शैला, तुझा भाया बोलतोय. आमच्या काकासायबाला काय झालंय, खरं सांग."

शैलाला पोरांची शपथ होती, आणि ती बाई शपथ मोडणारी नव्हती. "हर्नियाचंच होतं हो, भाऊजी," ती म्हणाली.

"अगं खरं सांग!" काकासाहेब फोनमध्ये किंचाळला.

"अहो, तुम्हीच ना म्हणालात, कुणाला सांगायचं नाही?"

"आता सांग म्हणतोय ना!"

शैलानं भीत भीत सांगितलं. वजनाचं ऑपरेशन. आवडाबाईनं मान हलवली. "हिला यानंच पढवलंय. मला वाईट वाटू नये म्हनून करत्यात बिचारी," असं म्हणून तिनं पदर डोळ्यांना लावला, पण रडली नाही.

काय करावं या लोकांना! खोटं बोललं तेव्हा एकानंही विश्वास ठेवला नाही, आता खरं बोललं तर दोघांपैकी एकाचाही बसेना. काकासाहेबाला वाटलं, त्या दावणीवर डोकं आपटून घ्यावं. पण डोकं आपटून मैना येणार नव्हती. त्यानं खुंटीवरचं खोगीर खांद्यावर टाकलं, लगाम गळ्यात अडकवला आणि तो चालू लागला.

"कुठं निघाला?" कडूबा ओरडला.

"माझी घोडी आनायला!"

खंडोबाचं देऊळ गावाबाहेर दीड कोस, माळावर. पाच वर्षांपूर्वी हा माणूस एसटी स्टँडपासून घरापर्यंत येताना दोनदा पारावर बसायचा. आज खोगीर खांद्यावर घेऊन चढ चढत होता आणि दम लागत नव्हता. पण ते त्याच्या ध्यानातही आलं नाही. त्याच्या डोक्यात एकेक जण येत होता आणि तो एकेकाला शिव्या घालत होता. क्रेनवाल्याला, व्हिडिओवाल्याला, जिलेबीवाल्या मामाला, बिस्किटवाल्यांना, कडूबाला. आईपाशी आला की शिवी घशात अडकायची, म्हणून तो पुन्हा क्रेनवाल्यापासून सुरुवात करायचा.

देवळामागच्या पत्र्याच्या सावलीत मैना उभी होती. अंगावर भंडारा उधळलेला, गळ्यात झेंडूची सुकलेली माळ. तिनं लांबूनच कान टवकारले. काकासाहेबानं तिच्या मानेवर तोंड टेकलं आणि गुळाचा खडा पुढं केला, तोवर रामकिसन गुरव धावत आला.

"काकासाहेब, हात लावा, दर्शन घ्या, पन ते खोगीर खाली ठिवा. देवाची घोडी हाय आता. हिच्यावर कोनी बसत नसतं. पालखीपुढं मोकळी चालती ती."

"माझी घोडी हाय."

"व्हती. आता कोनी बसलं, तर ज्याच्यासाठी नवस केला त्याच्यावर येतं. तुमच्यावरच येईल ना, बाबा."

"येऊ दे!"

तेवढ्यात कडूबाची मोटारसायकल चढ चढून आली. मागं आई बसली होती. गाडी थांबायच्या आत ती उतरली आणि अनवाणीच खड्यांवरून धावत आली. "काकासायेब! बसू नको! माझ्या गळ्याची आन हाय तुला! काय मागायचं ते माग, बसू नको!" मग कडूबानं गुरवाच्या कानात काय सांगायचं ते सांगितलं, पण ते काकासाहेबालाही ऐकू गेलं. दिवाळीपर्यंतचं मागणं मागून झालं होतं. आता घोडी परत घेतली तर देव दिलेलं परत घेईल, एवढाच म्हातारीचा हिशेब होता. मे महिन्यापासून ती पायात चप्पल घालत नव्हती आणि रविवारी मीठ खात नव्हती.

हे ऐकून काकासाहेबाला लाज वाटायला हवी होती. वाटलीही असेल, पण त्याआधी राग आला, आणि या वेळी तो मोठा होता. मे महिन्यापासून! आणि एकानंही त्याला विचारलं नाही. बिस्किटं आणली, नारळ आणले, पण "काका, तुला नेमकं काय झालं" असं तोंडावर विचारणारा एक बापाचा पूत निघाला नाही. त्यानं खोगीर मैनेच्या पाठीवर टाकलं. पोटाखालचा तंग बरोबर आवळला, लगाम चढवला. मग त्यानं इकडं बघितलं नाही, तिकडं बघितलं नाही. डावा पाय रिकिबीत घातला, एक हात आयाळीत, एक खोगिरावर, आणि जमिनीवरून एका झोक्यात वर.

खुर्ची नाही, ओटा नाही, कुणाचा हात नाही. मैनेनं नुसती शेपटी हलवली.

तो बसला आणि क्षणभर तसाच राहिला. पाच वर्षं त्यानं या जागेवरून दिसणाऱ्या जगाची आठवण काढली होती. घोडीचे दोन कान, त्यांच्यामधून माळ, माळाच्या पलीकडं निळा डोंगर. सगळं जागच्या जागी होतं. त्यानं टाच लावली. मैना चार पावलं चालली, मग दुडकी धरली, आणि माळाची सपाटी लागली तशी चौखूर उधळली. वारा कानात शिरला. तिच्या पाठीवर आता तो ओझं नव्हता हे तिच्या चालीतच कळत होतं. पाठ खचत नव्हती, पाय अडखळत नव्हता. काकासाहेब ओरडला. शब्द नव्हते त्यात, नुसताच ओरडला. शेचाळीस वर्षांच्या माणसानं असं ओरडू नये, पण तिथं कोण होतं ऐकायला!

माळ संपतो तिथून खाली रस्ता लागतो आणि रस्ता थेट घराकडं जातो. तिथं येऊन त्यानं लगाम खेचला. आता फक्त खाली उतरायचं होतं. कोण अडवणार होतं? गुरव धावत येणार नव्हता, कडूबाच्या मोटारसायकलला या दगडांतून वाट नव्हती. घोडी त्याची होती, पैसे त्याचे, पाच वर्षं त्याची, कापलेलं पोटही त्याचं. नवस दुसऱ्यानं केला तर देवानं दुसऱ्याकडून घ्यावं. त्यानं हे सगळं मनात नीट मांडून बघितलं आणि त्यात कुठंही चूक सापडली नाही.

मग त्यानं मागं वळून बघितलं.

आवडाबाई त्याच्याकडं बघत नव्हती. तिनं त्याच्याकडं पाठ केली होती. देवळाच्या दारासमोर गुडघ्यांवर बसून, दोन्ही हात वर करून ती काहीतरी मागत होती. इतक्या लांबून शब्द ऐकू येत नव्हते. ऐकू यायची गरजही नव्हती, ती काय मागते आहे ते त्याला कळलं. ती परत त्यालाच मागत होती. तो इथं ठणठणीत घोड्यावर बसलेला, आणि ती तिथं त्याच्यासाठी देवाचे पाय धरत होती. आणि हे सगळं लोकांनी त्याला हसू नये म्हणून.

त्याला स्वतःचा इतका संताप आला की क्रेनवाला, व्हिडिओवाला, सगळे एकदम फिके पडले. त्यानं मैनेला वळवलं. येताना ती उधळली होती, जाताना त्यानं तिला चालतच नेलं.

देवळासमोर तो उतरला. आवडाबाई उठून समोर आली. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, बाजारात बैल घेताना बघतात तसं. मग त्याच्या छातीवर हात ठेवला.

"दम लागला?"

"नाय."

"चक्कर?"

"नाय."

"पोटात कळ? वकारी?"

"नाय गं, माय."

"एकट्यानं चढला," ती म्हणाली, पण त्याला नाही, स्वतःलाच. "आठरा वर्साचा असताना चढायचा तसा चढला. आजारी मानूस असा चढत नसतो." ती थांबली. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं आणि खालून दुसरंच काही वर आलं. "म्हंजी खरंच? तुला काईच झालं नव्हतं?"

"नव्हतं. लोक हसतील म्हनून बोललो नाय."

आवडाबाईनं खाडकन त्याच्या थोबाडीत मारली. गुरव दोन पावलं मागं सरला. पाठोपाठ दुसरी. तिसरीला हात पोचला नाही म्हणून तिनं त्याच्या छातीवर दोन्ही मुठी आपटल्या. "सा महिने! सा महिने तुझी मयत डोळ्याम्होरं ठिवून जेवले मी. कोनत्या शेतात जाळायचं ते ठरवत व्हते, मेल्या! आन तू? तू काट्यावर चढत व्हता?"

"माय..."

"गप! लोक हसतील म्हनून? लोकायच्या हसन्यापाई मला रडवीत व्हता?"

त्याचे दोन्ही गाल तापले होते. कडूबा पुढं येऊन तिचा हात धरायला गेला, तर तिनं त्यालाही झिडकारलं.

"मारू दे मला," ती म्हणाली. आता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मे महिन्यापासून तिला रडताना कुणी बघितलं नव्हतं. "मारू दे. मरत्या लेकराला हात लावता येत नव्हता मला."

ती मारत राहिली आणि काकासाहेब उभा राहिला. त्याच्या हातातून लगाम सुटला होता. रामकिसन गुरवानं तो उचलला, घोडीचं काय करायचं म्हणून म्हातारीकडं बघितलं. तिनं मारता मारताच देवळाकडं बोट केलं. दिलेलं दिलेलं होतं. गुरवानं खोगीर काढून काकासाहेबाच्या पायाशी ठेवलं आणि मैनेला घेऊन तो पत्र्याच्या सावलीत गेला.